बाबू, उंदीर आणि वन्स मोर

महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत साहेबाचा पारा चढला की त्याच्या तोंडून एक वाक्य हमखास बाहेर पडतं, "गडचिरोलीला पाठवीन!" कोल्हापुरात पडतं, नाशकात पडतं, अलिबागच्या समुद्रकिनारीही पडत असावं. पंचाईत फक्त आमच्या साहेबांची होती. आम्ही आधीच गडचिरोलीत होतो. चिडले की त्यांचंही तोंड सवयीनं उघडायचं, "गड..." एवढं बाहेर यायचं, आणि खिडकीबाहेरचा साग दिसला की परत मिटायचं. मग ते जास्तच चिडायचे.

मी चंद्रपूरचा. आमच्या घरात ही बदली कोणी बदली म्हणून धरलीच नाही. २६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपूर जिल्ह्याचे दोन तुकडे करून गडचिरोली वेगळा काढला, पण आजोबांना ती वाटणी शेवटपर्यंत मान्य नव्हती. "मागच्या खोलीत चालला का?" एवढंच त्यांनी विचारलं. मागची खोली तशी ऐसपैस आहे. वर कोरची, खाली पार सिरोंचा, जिथं दुकानदार तुमच्याशी तेलुगूत घासाघीस करतो. तीन चतुर्थांश जंगल. एवढ्या जिल्ह्याच्या वाट्याला वर्षानुवर्षं एकच रेल्वे स्टेशन, वडसा, आणि त्या गावाचं कागदावरचं नाव देसाईगंज, म्हणजे नवखा माणूस उतरायचं तिथं उतरेलच याची खात्री नाही. इथं माणूस आपखुशीनं येणार नाही हे सरकारलाही ठाऊक आहे. म्हणून २००२च्या शासन निर्णयानं एकस्तर वरची वेतनश्रेणी दिली आणि वर प्रोत्साहन भत्ता दिला, मूळ पगाराच्या १५ टक्के, पण कमाल १,५०० रुपये. म्हणजे दिवसाला पन्नास रुपये पडतात. डास, मे महिना आणि साहेब हे तिन्ही त्यातच भागवायचे.

साहेबांचं वर्णन करत नाही. ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना गरज नाही आणि ज्यांनी केली नाही त्यांचा विश्वास बसणार नाही. एकच सांगतो. पाच वाजून पन्नास मिनिटांनी ते बेल दाबायचे आणि म्हणायचे, "घाई नाही हो, उद्या सकाळी नऊला दिलंत तरी चालेल."

अशाच एका जुलैच्या रात्री लाइट गेली होती, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, आणि भाच्यानं मेमरी कार्डात भरून दिलेल्या शंभर सिनेमांतला एक मी मोबाइलवर लावला. 'विलार्ड'. १९७१चा अमेरिकन सिनेमा, डॅनियल मान दिग्दर्शक. भाच्यानं तो 'हॉरर' नावाच्या फोल्डरमध्ये टाकला होता. मी पहिली वीस मिनिटं तो माहितीपट समजून बघितला.

विलार्ड स्टाइल्स नावाचा एक गरीब बिचारा कारकून आहे. कंपनी मुळात त्याच्या वडिलांनी काढलेली, पण वडील गेले आणि मार्टिन नावाच्या भागीदारानं ती घशात घातली. आता हाच मार्टिन त्याचा साहेब आहे. तो सगळ्यांदेखत त्याचा पाणउतारा करतो, सुटीच्या दिवशी बोलावतो, पगार मात्र वाढवत नाही. मार्टिनचं काम अर्नेस्ट बोर्गनाइननं केलं आहे. अमेरिकेतल्या नटाला आमच्या साहेबांची मान हलवायची लकब कुठून सापडली कोण जाणे. घरी विलार्डची आजारी आई. ती अंथरुणावरून हुकूम सोडते. वाढदिवसाला पोराच्या वयाचं एक माणूस नाही, सगळ्या आईच्या मैत्रिणी. अशा पोराला आई सांगते, परसातले उंदीर मार. तो मारायला जातो आणि त्यांना खाऊ घालून परत येतो. त्याला जगात पहिल्यांदाच कोणीतरी भेटलं आहे जे त्याचं म्हणणं ऐकून घेतं. उंदीर वाढतात, तो त्यांना शिकवतो, आणि शिकलेले उंदीर घेऊन एका रात्री साहेबांच्या केबिनमध्ये जातो. पुढचं मी सांगत नाही, पण साहेबांची पेन्शन केस करावी लागत नाही.

सिनेमा संपला. बाहेर पाऊस, आत अंधार, आणि कपाटामागे खुडबुड. माझ्या अंगावर काटा आला. तो भीतीचा नव्हता हे प्रामाणिकपणे सांगतो.

आपल्याकडे असा सिनेमा का निघाला नसेल? रामसे बंधूंनी 'पुराना मंदिर' काढला, 'वीराना' काढला, पण त्यांची भुतं हवेलीत, ठाकुरांच्या खानदानाला छळणार. आपल्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू मरता मरता बाहुल्यात शिरला, पण टेबलाच्या खणात शिरावं असं त्याच्या मनात आलं नाही. शोषित आत्म्याला आपल्याकडे वाड्यात जागा आहे, विहिरीत आहे, वडावर आहे, आस्थापना विभागात नाही. माझ्या मते यामागे व्यावहारिक अडचण आहे. कारकुनाचं भूत परत आलं तर सूड घ्यायच्या आधी त्याला मृत्यूचा दाखला तीन प्रतींत साक्षांकित करून मागतील, आणि तो आणेपर्यंत साहेबांची बदली झालेली असेल.

मला मात्र सिनेमानं झपाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी कचेरीतल्या उंदरांकडे वेगळ्या नजरेनं बघू लागलो. आमचा अभिलेख कक्ष म्हणजे त्यांचं अभयारण्यच. मधल्या सुटीत पोळीचा तुकडा टाकला, शिट्टी वाजवून पाहिली. एक आला, पोळी हुंगली आणि शेजारची १९९४ची जावक नोंदवही खायला घेतली. आमच्या उंदरांचं पोट कागदावर भरतं, पोळी त्यांना मानवत नाही. शिवाय त्यांना कुठल्याही गोष्टीची घाई नाही. दोन पिढ्या सरकारी जागेत राहिल्यावर उंदीर काय आणि माणूस काय, अंगावर धावून जाणं विसरतो.

तसं बघता उंदरांच्या संख्येत आपण अमेरिकेला हार जाणारे नाही. मार्च २०१८मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मंत्रालयाच्या उंदरांचा हिशेब मांडला होता, तो आठवत असेल. ठेकेदाराच्या कागदांनुसार सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारले गेले. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. रोजचे ४५,६२८ आणि अर्ध्याहून थोडा जास्त. तो अर्ध्याहून थोडा जास्त उंदीर माझ्या डोक्यातून आजतागायत गेलेला नाही. पुढे सरकारकडून खुलासा आला की हा आकडा उंदरांचा नसून त्यांना मारायच्या गोळ्यांचा होता. विलार्डला हे कळलं असतं तर तो रडला असता. त्याचे काही शे उंदीर, तेही एकेक करून जमवलेले, आणि इथं सव्वातीन लाख एका ओळीत हजर झाले आणि एका खुलाशात गोळ्या होऊन गेले. इतकी शिस्त उंदरांना फक्त शासनच लावू शकतं. तिकडे बिहारमध्ये २०१७ साली जप्त केलेली दारू गायब झाली तेव्हा पोलिसांनी उंदरांकडे बोट दाखवलं. आमच्या जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी आहे. आमच्या उंदरांना बिचाऱ्यांना तेवढीही प्रतिष्ठा नाही.

उंदरांचा नाद सोडल्यावर मी इतर प्राण्यांचा विचार केला. या मुलखात त्यांची काय कमी? पण हेमलकशाला प्रकाश आमट्यांनी बिबटे, अस्वलं, साप लेकरांसारखे वाढवले ते बघितल्यापासून प्राण्याला सुडासाठी वापरायची कल्पना माझ्या मनाला टोचते. वाघाचं तर नावच नको. चंद्रपूरकडचा माणूस वाघावर विनोद करत नाही. मोहफुलं वेचायला पहाटे निघालेलं बाईमाणूस संध्याकाळी परत येईलच असं नसतं, तिथं वाघ हा पोस्टरवर शोभतो तसा गमतीचा विषय राहत नाही.

तर मी कागदाकडे वळलो. कारकुनाचा उंदीर म्हणजे कागद. तो गुपचूप जातो, कुरतडतो, आणि कुठून आला ते कळत नाही.

संधी चालून आली ती साहेबांच्या प्रवास भत्ता देयकाच्या रूपानं. ऑगस्टमधल्या एका तारखेला त्यांनी भामरागडचा दौरा दाखवला होता. आता भामरागडला पर्लकोटा नदी आहे, आणि तेव्हाच्या त्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेलं की पलीकडचं जग बंद व्हायचं. त्या तारखेला पूल पाण्याखाली होता. पेपरचं कात्रण मी जपून ठेवलं होतं. रात्री झोप लागली नाही, इतका आनंद झाला. सकाळी लाल शाईनं, सुवाच्य अक्षरात, टिपणी लिहिली. "सदर दिनांकी पुलावरून पाणी वाहत असल्याने मार्ग बंद होता. तरी दौरा कोणत्या मार्गाने केला याचा खुलासा व्हावा." विलार्डनं उंदरांना 'तुटून पडा' म्हटलं तेव्हा त्याचा चेहरा जसा दिसला, तसाच माझा दिसत असणार.

खुलासा दुसऱ्याच दिवशी आला. आमच्या कचेरीच्या इतिहासात इतका जलद आलेला हा एकमेव कागद. "पुलापर्यंत जाऊन परत यावे लागले. पाणी ओसरण्याची वाट पाहत सात तास थांबल्याने त्या कालावधीचा दैनिक भत्ता देयकात समाविष्ट करावा. तसेच हजेरीपटानुसार संबंधित लिपिकही त्या दिवशी दौऱ्यावर होते. त्यांनी पूल कोणत्या ठिकाणाहून पाहिला याचा खुलासा त्यांच्याकडून घ्यावा."

त्या दिवशी मी चंद्रपूरला मेहुणीच्या साखरपुड्यात होतो. हजेरीपटावर 'दौरा' लिहिलं होतं, ते माझ्याच सुवाच्य अक्षरात.

साहेबांचा दैनिक भत्ता मीच मंजुरीला ठेवला. माझी एक दिवसाची रजा मीच मांडली. आणि तेव्हा मला सिनेमाचा दुसरा अर्धा भाग नीट आठवला, जो मी पहिल्या खेपेला साहेबांच्या केबिनमधल्या त्या प्रसंगाच्या नशेत पुरता बघितलाच नव्हता.

विलार्डकडे दोन मुख्य उंदीर असतात. एक पांढरा, सॉक्रेटिस. तो लाडका. त्याला उशाशी जागा, खिशात जागा, सोबत ऑफिसला न्यायचं. दुसरा काळा, धिप्पाड, बेन. बेन जास्त हुशार आहे, मेहनती आहे, बाकी उंदीर त्याचं ऐकतात. पण विलार्ड त्याला तळघरात हाकलतो. पलंगावर चढला की खाली ढकलतो. साहेब जे विलार्डशी करतो ते विलार्ड बेनशी करतो, आणि त्याला स्वतःला याचा पत्ताही नाही. काम झाल्यावर तर तो उंदरांना बुडवूनच टाकायला निघतो. शेवटी विलार्ड मरतो तो बेनच्या हातून, म्हणजे दातांनी. या बेननं लोकांना इतका लळा लावला की पुढच्याच वर्षी, १९७२ला, त्याच्या नावाचा सिनेमा निघाला, आणि त्याच्यासाठी तेरा-चौदा वर्षांच्या मायकेल जॅक्सननं म्हटलेलं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. एका उंदराशी मैत्री कशी गोड आहे, अशा भावाचं गाणं. मार्टिनवर कोणी गाणं लिहिलं नाही. विलार्डवरही नाही.

हे सगळं मी आमच्या शिपायाला सांगितलं. दुपारी वेळ असतो. तो वडशाकडचा, वयानं माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मी त्याला 'तू' म्हणायचो, तो मला 'बाबूजी'. तेव्हा यात काही खटकलं नव्हतं. चहाचा कप ठेवता ठेवता तो थांबला.

"मंग बाबूजी, त्या काऱ्या उंदराचा का झाला?"

झाडीबोलीत ळ नाही, ण नाही. काळा तो कारा, डोळा तो डोरा. मी हसलो आणि त्याची बोली दुरुस्त केली. मग बेनची गोष्ट सांगितली. त्यानं ती दोनदा विचारून घेतली. पांढऱ्याला उशी कोणी दिली, काऱ्याला कायले नाही दिली, मरताना तो बाबू का म्हणला. मला वाटलं, गोष्ट आवडली.

हा शिपाई झाडीपट्टीचा नट होता हे सांगायला पाहिजे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात भाऊबीज झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवसा बैलांचा शंकरपट, नाहीतर मंडई, आणि रात्री नाटक. पुण्या-मुंबईच्या रंगभूमीला मरायला टेकलीय म्हणून दर दहा वर्षांनी डॉक्टर बोलवावा लागतो. इथं वडशाच्या कंपन्यांकडे तारखा मिळत नाहीत. नाटक रात्री दहा-अकराला उभं राहतं आणि कोंबडा आरवल्यावर बसतं. मध्ये गाणी, लावणी, विनोद, रडारड, सगळं. २०२३ साली परशुराम खुणे यांना याच रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा बाकी महाराष्ट्राला असं काही आहे हे कळलं आणि मग तो पुन्हा विसरला.

आमच्या शिपायाला या हंगामात रजा लागायची. अर्ज माझ्या टेबलावर यायचा. मी चष्मा कपाळावर सरकवायचो, अर्ज उलटा करून मागची कोरी बाजूही बघायचो, आणि म्हणायचो, "बघू. उद्या ये." उद्या आला की महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ काढून बसायचो. मानधन घेतोस का? परवानगी कुठं आहे? बघू. उद्या ये. शेवटी रजा द्यायचो, नाही असं नाही. पण तो तीन वेळा आल्याशिवाय नाही. तीनचा आकडा कुठल्याही नियमात नाही, तो माझा स्वतःचा.

डिसेंबरात त्यानं पत्रिका आणून दिली. झाडीपट्टीत नाटकाच्या पत्रिकेवर नटांपेक्षा पाहुण्यांची नावं जास्त असतात. उद्घाटक आमचे साहेब, आणि खाली एकवीस 'विशेष अतिथीं'त माझं नाव. पाचशे एक रुपये वर्गणी दिली होती. खुर्ची पहिल्या रांगेत, साहेबांच्या शेजारी. मागे हजारभर माणसं ब्लँकेटं गुंडाळून, पोरं मांडीवर, आलूभज्यांचा वास. शाल, श्रीफळ, भाषणं. साहेब कलेवर चाळीस मिनिटं बोलले.

सव्वाअकराला पडदा वर गेला. समोर टेबल, टेबलावर फायलींचा ढीग, आणि ढिगामागे एक बाबू. अंगात तपकिरी, बिनबाह्यांचा स्वेटर.

तो स्वेटर मी ओळखला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला, नवा घेतल्यावर, मीच त्याला दिला होता.

बाबूनं चष्मा कपाळावर सरकवला. समोरच्या गरीब शिपायाचा अर्ज हातात घेतला, उलटा केला, मागची कोरी बाजू निरखून बघितली आणि पहिलंच वाक्य टाकलं, "बघू. उद्या ये." मंडप फुटला. नुसत्या त्या तीन शब्दांवर टाळ्या. त्यानं ते पाच तासांत किती वेळा म्हटलं मी मोजलं नाही. अडीच वाजेपर्यंत पहिल्या रांगेमागची पोरंच त्याच्या आधी म्हणायला लागली होती.

नाटकात साहेबही होता. देवमाणूस. दर अंकात एकदा यायचा, शिपायाच्या पाठीवर हात ठेवायचा आणि जायचा. उद्घाटकाला खलनायक करून चालत नाही, एवढं व्यवहारज्ञान वडशाच्या लेखकाला होतं. आमचे साहेब खूश. माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "काय हुबेहूब बेणं उभं केलंय हो! कुठं पाहिलं असेल यानं असलं ध्यान?"

तिसऱ्या अंकात शिपाई थंडीतापानं मेला. रजा मंजूर झाली नव्हती. त्याची बायको गायली, अर्धा मंडप डोळे पुसू लागला, माझ्या डाव्या हाताची विशेष अतिथी बाई तर माझ्याकडे बघून हुंदके देत होती. मग पेटी थांबली, लाल दिवा लागला, ढोलकी घुमू लागली, आणि फायलींच्या ढिगामागून दोऱ्यांनी ओढलेले पन्नास-साठ काळे पायमोजे सरपटत निघाले. भुसा भरलेले, प्रत्येकाला पांढऱ्या मण्यांचे दोन डोळे. लोकांनी श्वास रोखला. सर्वांत पुढचा, सर्वांत मोठा पायमोजा टेबलावर चढला. बाबू मागे सरकला. भिंत आली. त्यानं कपाळावरचा चष्मा खाली ओढला, जणू काही नियम वाचायचा राहिला होता.

मरायला त्याला बारा मिनिटं लागली. झाडीपट्टीत मरण असं भरघोस असतं. शेवटची उचकी लागली तसा मागून आवाज उठला, "वन्स मोर!" पायमोजे परत ढिगामागे ओढून घेतले गेले, ढोलकी पुन्हा सुरू झाली, आणि पहाटे सव्वाचारला, पाचशे एक रुपये भरून, मी दुसऱ्यांदा मेलो.

सोमवारी अकरा वाजता तो चहा घेऊन आला. डोळे लाल, चेहऱ्याचा रंग कानामागे अजून थोडा उरलेला. कपाखाली एक कागद होता.

"कसा वाटला जी, बाबूजी?"

"छान झालं," मी म्हणालो. "बसा ना."

तो बसला नाही. मी कागद घेतला. माझा हात कपाळाकडे निघाला होता, तो मी अर्ध्यातून खाली आणला. तीन दिवसांची किरकोळ रजा. मागची बाजू न बघता शिफारशीची सही केली.

"पुन्हा प्रयोग आहे का?"

"हाव जी. उद्या सिंदेवाहीले, परवा नागभीडले, मंग ब्रह्मपुरी."

"हेच नाटक?"

"हेच जी. होळीपावतर अठ्ठावीस तारखा लागल्या." कप उचलता उचलता तो थांबला. "बाबूजी, तुमच्याकडं तसा एखादा जुना स्वेटर अजून आहे का? तो पायमोज्यांच्या दोऱ्यात अटकून फाटला."